बेल्टच्या पुलीचं बेरिंग वाजते? फेकायच्या आधी एकदा उघडून पाहा

ट्रॅक्टर-गाडीच्या इंजिनवरची नाही तर थ्रेशरवरची बेल्टची पुली वाजायला लागली की आपल्या इकडे दोनच इलाज सांगतात, एक म्हणजे "वाजू द्या, चालून राहिली ना" आणि दुसरा म्हणजे "अख्खी पुलीच बदला". पहिला इलाज बेल्ट तुटेपर्यंत चालतो, दुसरा खिशाला लागतो, आणि मधला जो सगळ्यात स्वस्त तो कोणी सांगतच नाही, कारण त्यात कोणाला काही उरत नाही. मधला म्हणजे पुली काढायची, बेरिंगचं सील (बाजूचं झाकण) उघडायचं, वाळलेलं ग्रीस धुवायचं, नवं भरायचं अन् परत लावायची. पहिल्यांदा अर्धा दिवस जाते, हात बसला की तासाभराचं काम आहे.

पण राजेहो, एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या. कोरडं पडलेलं बेरिंग वेगळं अन् खाल्लेलं, म्हणजे आतून झिजलेलं बेरिंग वेगळं. कोरडं वाचते. खाल्लेल्यात कितीही ग्रीस कोंबा, चार दिवस चूप बसते अन् मंग नेमकं भर सोयाबीनमध्ये दगा देते. म्हणून खाली जे लिहिलं त्यातलं अर्धं काम ग्रीस भरायचं नाही, हे दोन ओळखायचं आहे.

आधी कोरडं पडते कसं ते. ग्रीस म्हणजे नुसतं घट्ट तेल नाही. त्यात बहुतेक माल तेलच असतो, सत्तर टक्क्यांच्या वर, अन् ते तेल धरून ठेवायला एक साबण घातलेला असतो, जास्त करून लिथियमचा. समईतली वात जशी तेल धरते अन् थोडंथोडं सोडते तसा हा साबण बेरिंगमधल्या छर्र्यांना (गोल गोळ्यांना) लागेल तेवढं तेल सोडत राहतो. वर्षं गेली, गरमी बसली की तेल संपते अन् वात तेवढी उरते. उघडल्यावर जे तपकिरी, खरवडलं तर भुगा होणारं काहीतरी दिसते ना, ते तेच. बेरिंगवाल्यांचा ठोकताळा आहे की 70 डिग्रीच्या वर दर 15 डिग्रीला ग्रीसचं आयुष्य अर्धं होते. आता मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडं बाहेरच पारा 45 च्या वर जाते, त्यात रेडिएटरच्या मागं बसलेल्या पुलीची काय हालत असेल हे सांगायची गरज नाही. वरून वावरातल्या रस्त्याचा फुफाटा, अन् थ्रेशर असेल तर कुटार, म्हणजे भुसा.

त्यात पुली जेवढी लहान तेवढी जोरात फिरते. क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) पुली 150 मिमीची अन् आयडलर, म्हणजे बेल्टवर नुसती फिरणारी पुली, 75 मिमीचा असेल तर इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर चालताना आयडलर 4000 नं फिरून राहिला. दिवसभर. म्हणून मोठ्या पुलीच्या आधी नेहमी हे लहान आयडलर अन् टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) हेच बोंबलतात.

आता कोणत्या पुलीला हात लावायचा अन् कोणत्या नाही. बेल्टवर नुसती फिरणारी आयडलर पुली, टेन्शनरची पुली, अल्टरनेटरची बेरिंगं, थ्रेशरवर बेल्ट ताणणारी पुली, ही सगळी करता येतात. वॉटर पंपाचं बेरिंग सोडा, त्यात शाफ्ट अन् बेरिंग एकच असते, ते उघडत नाही, पंप बदलायचा किंवा पंपाचा किट टाकायचा. आणि टायमिंग बेल्टचा (वॉल्व अन् पिस्टनचा मेळ राखणाऱ्या बेल्टचा) टेन्शनर असेल तर तिथं कंजुषी अजिबात करू नका. बाहेरचा बेल्ट तुटला तर बॅटरी चार्ज होणार नाही, इंजिन तापेल, तुम्ही बंद करून बाजूला घ्याल. टायमिंग बेल्ट सटकला तर बऱ्याच इंजिनात वॉल्व पिस्टनवर आदळतात अन् मंग हेडच खोलावं लागते. तिथं नवीनच टाकायचं, तेही चांगल्या कंपनीचं.

जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना आयडलर नसतोच बहुतेक, तिथं एकच व्ही-बेल्ट क्रँक, पंखा-पंप अन् अल्टरनेटरवर फिरते आणि अल्टरनेटर सरकवून ताण देतात. त्यांनी अल्टरनेटरचं बेरिंग पाहायचं. पिकअप, जीप, असल्या गाड्यांत रिबवाला चपटा बेल्ट असतो, तिथं आयडलर-टेन्शनर दोन्ही भेटतात.

आवाज नेमका कुठला हे शोधताना लय लोक फसतात, कारण बेल्ट पण ओरडतो. सोपी परीक्षा अशी की इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूला बाटलीनं पाण्याचा थोडा फवारा मारायचा. आवाज बदलला, कमी झाला, जास्त झाला, काहीही झालं तर दोष बेल्टचा किंवा पुल्यांच्या लाइनीचा. काहीच फरक पडला नाही तर बेरिंग. बेल्ट चिरकतो, बेरिंग घरघरते किंवा वाळूवरून काही ओढल्यासारखा सळसळ आवाज देते, कान एकदा बसला की फवाऱ्याचीही गरज पडत नाही. नंतर लांब पेचकस घ्यायचा, टोक पुलीच्या मधल्या बोल्टवर, म्हणजे जो फिरत नाही त्यावर, अन् मूठ कानामागच्या हाडाला. ज्या पुलीत दोष ती डायरेक्ट डोक्यात वाजते. हे करताना गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बाह्या वर करा, पंख्याच्या लाइनीत उभं राहू नका. पंखा कोणाची ओळख धरत नाही.

शेवटची खात्री बेल्ट काढूनच होते. इंजिन थंड, बॅटरीची मायनस तार काढलेली. बेल्ट काढायच्या आधी मोबाईलवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या, कोणत्या पुलीच्या वरून अन् कोणत्याच्या खालून गेला ते, नाही त परत लावताना घरचे सगळे जमा होतात अन् प्रत्येकाचं मत वेगळं असते. बेल्ट निघाला की एकेक पुली हातानं फिरवा. चांगल्या सीलबंद बेरिंगची पुली थोडी जड फिरते अन् लवकर थांबते, आत ग्रीस आहे म्हणून. एका झटक्यात मोकळी भिरभिर फिरत राहिली अन् बारीक खर्र खर्र ऐकू आलं तर आत ग्रीस उरलं नाही. लोकांना उलटं वाटते, "पाहा कशी मस्त फिरते". मस्त नाही बावा, कोरडी आहे ती. मंग पुलीची कड दोन बोटांत धरून वर-खाली, आत-बाहेर हलवा. अगदी किंचित हालचाल चालते, पण टकटक जाणवली तर ते बेरिंग गेलं, पुढचं वाचूही नका, सरळ नवीन आणा.

काढताना टेन्शनरवाल्या गाडीत आधी टेन्शनर रिंग पान्यानं किंवा गोटीच्या (सॉकेटच्या) हँडलनं फिरवून ढिला करायचा, स्प्रिंग जोरदार असते, पाना सटकला तर बोटाचे हाल. काही टेन्शनरच्या पुलीचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो, म्हणून पाईप लावून लोंबकळायच्या आधी एकदा दुसऱ्या बाजूला फिरवून पाहा. पुलीवर प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं धूळटोपण असेल तर ते पेचकसानं हळू उचकटायचं, ते जपायचं आहे, धूळ अडवते तेच. बोल्टखालचे वॉशर, बुश ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं एका कापडावर मांडून ठेवा.

आता पुली हातात आली. बेरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो तो आधी पुसून वाचा. आयडलरमध्ये जास्त करून 6203 किंवा 6202 भेटते. 6203 म्हणजे आतलं भोक 17 मिमी, बाहेरचा व्यास 40, जाडी 12. 6202 म्हणजे 15, 35, 11. 6204 म्हणजे 20, 47, 14. नंबराच्या पुढं 2आरएस, डीडीयू, एलएलयू असं काही असेल तर दोन्ही बाजूला रबराचं सील आहे, हे उघडता येते अन् परत बसवता येते. झेडझेड किंवा 2झेड असेल तर पत्र्याचं झाकण, ते ठोकून बसवलेलं असते, काढताना वाकते अन् परत नीट बसत नाही. झेडझेडवाल्यावर वेळ घालवू नका, फुफाट्याच्या जागी तेच मुळात चुकीचं असते, त्याच नंबरचं रबर सीलवालं आणून टाका. सी3 लिहिलं असेल तर त्यात जाणूनबुजून थोडी जास्त ढिलाई ठेवलेली असते, गरम झाल्यावर फुगून बरोबर होते, त्या ढिलाईला घाबरू नका, अन् बदलायची वेळ आलीच तर सी3 च मागा.

लोखंडी पुली असेल अन् बेरिंग प्रेसनं निघत असेल, त्यात तालुक्याच्या दुकानात तोच नंबर चांगल्या कंपनीचा मिळत असेल, तर खरं सांगायचं म्हणजे नवीन बेरिंग टाकणंच सोपं, 6203 काही महाग वस्तू नाही. ग्रीसचा उद्योग खरा कामी येतो तो दुसरीकडं. प्लॅस्टिकच्या पुलीत बेरिंग साच्यातच ओतलेलं असते, ते निघत नाही, अन् कंपनी अख्खी पुलीच देते. नाही तर बेरिंगचा नंबर असा अडनिडा असतो की नागपूर-अमरावतीला माणूस पाठवावा लागते. किंवा गाडी एवढी जुनी की पुलीच मिळत नाही. आणि चौथा प्रकार म्हणजे बेरिंग मूळ कंपनीचं, पोलाद उत्तम, नुसतं ग्रीस म्हातारं झालेलं. असलं बेरिंग काढून त्या जागी पाकिटावर मोठं नाव छापलेलं डुप्लिकेट टाकणं म्हणजे घरचा बैल विकून भाड्याचा आणणं.

सील उघडायला पेचकस नको, तो जाड पडतो. कटरचं पातळ पातं किंवा जाड सुई घ्या. रबराच्या आत पत्र्याची चकती असते, ती एकदा वाकली की सील डुगडुगते. सीलची बाहेरची कड बाहेरच्या रिंगच्या खाचेत रुतलेली असते अन् आतली पातळ ओठासारखी कड आतल्या रिंगवर घासते. धूळ अडवायचं काम त्या आतल्या ओठाचं, म्हणून तिथं पातं लावायचं नाही. बाहेरच्या कडेला पातं आडवं सरकवा, थोडं उचला, दोन-चार मिमी पुढं सरका, परत उचला, असं चौथाई गोल झालं की सील आपोआप टपकन सुटते. घाईत एका जागी जोर लावला की तिथंच मुडपते. सील उलटं करून पाहा, ओठ कडक झाला असेल, चिरा पडल्या असतील, बोटानं वाकवल्यावर तुटत असेल तर अशा सीलच्या भरवशावर काही करू नका. त्याच कंपनीच्या त्याच नंबरच्या, भंगारात टाकलेल्या बेरिंगचं चांगलं सील असेल तर ते बसते, म्हणून मेलेल्या बेरिंगची सीलं मी डब्यात ठेवतो.

आत काय निघाले ते पुसायच्या आधी नीट पाहा, अर्धं निदान तिथंच आहे. तपकिरी, कोरडं, गोळा झालेलं ग्रीस असेल तर नुसतं वयानं वाळलं, आशा आहे. लालसर, वीटकरी रंग असेल तर पाणी गेलं, गंज आहे, शक्यता कमी. पांढरट दह्यासारखं झालं असेल तर पाणी नुकतंच गेलं, लवकर धरलं तर वाचते. काळं अन् बोटावर घासल्यावर चमचम करणारं असेल तर ती चमक पोलादाची आहे, बेरिंग स्वतःलाच खाऊन राहिलं.

धुवायला डिझेल. रॉकेल आता कुठं भेटते. झाकणाच्या वाटीत थोडं डिझेल, जुना दातांचा ब्रश, अन् फिरवत फिरवत घासायचं, घाण डिझेल फेकून परत नवीन, डिझेल स्वच्छ निघेपर्यंत. तीन-चार वेळा डिझेल बदलावं लागते. छर्रे धरून ठेवणारी जाळी प्लॅस्टिकची असेल तर थिनर वगैरे लावू नका, डिझेलच बरं. शेवटी डिझेलचा तेलकटपणा काढायला ब्रेक क्लीनर किंवा अगदी थोडं पेट्रोल, पण ते उघड्यावर, सावलीत, अन् बिडी-सिगारेटवाल्याला दूर बसवून. मंग स्वच्छ कापडावर सुकू द्या. कापड म्हणजे सुती धोतराचं, लोकरीचं किंवा धागे सुटणारं नको, एक धागा आत गेला की तो ग्रीस शोषत बसतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मारून बेरिंग सुंईऽऽ करत फिरवायची पोरांना लय हौस असते. करू नका, करू देऊ नका. आत तेल नसताना ते हजारोंनी फिरते, रिंगवर ओरखडे पडतात, अन् जाळी फुटली तर छर्रा गोळीसारखा सुटतो. हवा मारायचीच तर आतली अन् बाहेरची दोन्ही रिंग बोटांनी घट्ट धरून, फिरू न देता.

आता जी खरी परीक्षा आहे ती धुतलेल्या, कोरड्या बेरिंगवर. आतली रिंग बोटावर चढवा, बाहेरची (किंवा पुली) दुसऱ्या हातानं अगदी हळू फिरवा, कानाजवळ न धरता, नुसतं बोटाला जाणवू द्या. थोडा बाजूनं दाब देऊन परत फिरवा. धुतलेलं बेरिंग आवाज करणारच, कोरडं आहे, त्या खणखणीला भिऊ नका. जाणवून घ्यायचं ते वेगळं, दर फेऱ्यात एकाच जागी अडते का, बारीक खड्ड्यातून गेल्यासारखं होते का. मंग उन्हात किंवा मोबाईलच्या टॉर्चमध्ये छर्र्यांच्या मधून रिंगवरची छर्रे धावायची पट्टी तपासा. एकसारखी चकचकीत पट्टी दिसली तर उत्तम. पट्टी थोडी राखाडी पण गुळगुळीत, चालते. टोकदार पेन्सिलीनं टोचल्यासारखे ठिपके, खवले निघालेले, किंवा निळसर-तपकिरी झाक आली असेल तर संपलं. निळी झाक म्हणजे ते एवढं तापलं होतं की पोलादाचा कडकपणाच गेला. गंजाचे डाग पुसून निघाले अन् खाली खड्डा नाही तर ठेवा, खड्डा असेल तर नाही. गाडी महिनोन्महिने एका जागी उभी असली अन् शेजारी इंजिन धडधडत असलं तर छर्रे जिथं बसले तिथं समान अंतरावर बारीक खुणा पडतात, ते पण बादच.

बाहेरची रिंग पुलीत ढिली तर नाही ना, तेही पाहा. लोखंडी पुलीत रिंग घसरून फिरली असेल तर बसायच्या जागी आरशासारखी चमक येते, तिथं बेरिंग नवं टाकलं तरी उपयोग नाही, पुलीच गेली. छन्नीनं टोचे मारून घट्ट करतात काही जण, थ्रेशरवर एखादा हंगाम चालून जाते, इंजिनच्या बेल्टवर नको.

ग्रीस कोणतं यावर दुकानात जेवढी माणसं तेवढी मतं. साधं सांगतो. ट्रॅक्टरच्या निप्पलला (ग्रीस गन लावायच्या तोटीला) मारायचं जे स्वस्त कॅल्शियमचं चेसिस ग्रीस असते ते इथं चालत नाही, साधं कॅल्शियम ग्रीस शंभर डिग्रीच्या आसपासच पातळ होऊन गळून जाते. लिथियमचं 180 च्या आसपास गळते, लिथियम कॉम्प्लेक्स 250 च्या वर. डब्यावर एनएलजीआय 2 (हा घट्टपणाचा नंबर) अन् लिथियम कॉम्प्लेक्स लिहिलेलं मिळालं तर डोळे झाकून घ्या, छोटा डबा पुष्कळ झाला. नाही मिळालं तर चाकाच्या बेरिंगचं एपी3, ते थोडं घट्ट असते पण गावात कुठंही भेटते अन् पुलीला चालून जाते. काळं मोलीवालं (मोलिब्डेनमचं) किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस जड अन् हळू चालणाऱ्या ठिकाणासाठी, पिना-बुशांसाठी, एवढ्या जोरात फिरणाऱ्या लहान बेरिंगला ते नको. रंगावर जाऊ नका, निळं लाल हिरवं हा नुसता रंग आहे, त्यावरून जात कळत नाही. कंपनीनं भरलेलं ग्रीस पुष्कळदा साबणाऐवजी पॉलियुरिया घातलेलं असते अन् त्यात लिथियम मिसळलं तर दोन्ही मिळून पातळ होऊ शकतात, म्हणूनच वर एवढं धुवायला लावलं. जुन्यावरच नवीन दाबून भरणारे इथंच मार खातात.

भरायचं किती? आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांश. बस. इथं सगळ्यांचा हात सुटतो, जास्त भरलं म्हणजे जास्त टिकेल असं वाटते. होते उलटं. गच्च भरलं की छर्रे ग्रीसमध्ये रवी घुसळल्यासारखे फिरतात, त्यानं ताप वाढतो, तेल सुटते, दाबानं सील उचलते अन् सगळं ग्रीस बेल्टवर. बेल्टवर ग्रीस म्हणजे बेल्ट पण गेला. मेडिकलमधून सुई न लावलेली 5 मिलीची सीरिंज आणा, त्यात मागून ग्रीस भरा, दांडा लावा अन् छर्र्या-छर्र्याच्या मधात थोडं थोडं सोडा. प्लॅस्टिकची जाळी असेल तर तिची एक बाजू उघडी अन् एक बंद असते, उघड्या बाजूनं भरा, खालपर्यंत जाते. एका बाजूनं झालं की दहा-बारा वेळा हळू फिरवा, मंग दुसऱ्या बाजूनं थोडं. वर आलेलं बोटानं पुसून टाका, छर्रे अर्धे दिसत राहिले पाहिजेत. सीलच्या ओठाला आतून ग्रीसचं पातळ बोट फिरवा.

सील बसवताना बाहेरची कड खाचेत एका बाजूनं टेकवा अन् अंगठ्यानं गोल दाबत जा, शेवटी टक् करून बसते. सगळीकडून एका पातळीत दिसलं पाहिजे. आता फिरवून पाहा, आवाज नाही, थोडं जड, सोडल्यावर एक-दोन फेऱ्यांत थांबते, असं असेल तर काम झालं.

लोखंडी पुलीतून बेरिंग काढलं असेल तर परत बसवताना हातोडीचा घाव आतल्या रिंगवर कधीच नाही. पुलीत बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर. चुकीच्या रिंगवर मारलं की सगळा मार छर्र्यांतून जातो अन् तुमचं एवढं धुतलेलं-पुसलेलं बेरिंग तिथंच ठिपके पाडून घेते. बाहेरच्या रिंगएवढ्या मापाची गोटी ठेवून बाकावरच्या शिकंज्यात हळूहळू दाबा, शिकंजा नसेल तर लेथवाल्याकडं दोन मिनिटाचं काम आहे.

बेल्ट लावायच्या आधी सगळ्या पुल्यांच्या तोंडावर लांब सरळ पट्टी धरून पाहा, एखादी आत-बाहेर असेल तर वॉशरचा क्रम चुकला. स्वयंचलित टेन्शनर असेल तर ताण तोच देते, पण हातानं ताणायच्या व्ही-बेल्टला दोन पुल्यांच्या मधल्या सगळ्यात लांब टप्प्यावर अंगठ्यानं दाबा, 10 ते 15 मिमी दबला पाहिजे. आपल्याकडं बेल्ट ढोलकीसारखा ताणायची सवय आहे, घसरू नये म्हणून, अन् बेरिंग मारणारं हे सगळ्यात मोठं कारण, फुफाट्यापेक्षाही मोठं असं माझं मत आहे. बेल्ट घसरते तर बेल्ट जुना झाला, ताण वाढवून तो नवीन होत नाही.

आता इंजिन आयडलवर पाच-दहा मिनिटं, मंग थोडा रेस, मंग बंद. पूर्ण बंद झाल्यावर पुलीच्या मध्याला बोट लावा. कोमट, गरम, चालते. बोट ठेवताच येत नाही एवढं तापलं तर ग्रीस जास्त झालं किंवा बेल्ट जास्त ताणला. सीलच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ पहिल्या दिवशी येते, पुसून टाका. रोज यायला लागली तर परत उघडा.

सुई सीलमधून टोचून आत ग्रीस सोडायचा एक जुगाड लय जण दाखवतात. सीलला पडलेलं भोक परत बुजत नाही, त्यातून धूळ-पाणी जाते, अन् जुनं वाळलेलं तसंच आत राहते. रात्री वावरात अडकले अन् घरापर्यंत यायचं आहे, तर करा. त्याला दुरुस्ती समजू नका.

अल्टरनेटरचं बेरिंग करताना मागचं बेरिंग स्लिप रिंगच्या (ज्यावर कार्बन घासतो त्या कडीच्या) शेजारी असते, तिथं ग्रीस थोडंही जास्त झालं की ते कार्बनवर जाते अन् चार्जिंग बंद. तिथं हात आखडता.

थ्रेशरचे शाफ्ट धरणारे जे यूसीपीचे (बेरिंगचे) ठोकळे असतात, यूसीपी 205 वगैरे, त्यांना निप्पल असते, ते उघडायची गरज नाही, ग्रीस गननं भरायचं. पण निप्पल आधी पुसा, त्यावर बसलेली माती पहिल्या दाबालाच आत जाते. शाफ्ट हातानं फिरवत एक-एक दाब द्या, सीलच्या कडेनं नवं ग्रीस किंचित दिसलं की थांबा, सील फुगून बाहेर आलं तर गेलं कामातून. थ्रेशर बंद असताना, ट्रॅक्टरची चावी खिशात ठेवून. सोयाबीनच्या हंगामात शाफ्टवर कुटाराचा वेढा बसते, तो रोज संध्याकाळी कापून काढा, तोच सील घासून घासून उघडं करते.

आणि धुलाई सेंटरवर गाडी नेली की बोनेट उघडून इंजिनवर प्रेशरचं पाणी मारतात, पुल्यांवर मारू देऊ नका. गरम बेरिंगवर थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते अन् ओठाच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. धुवायचंच तर इंजिन थंड होऊ द्या अन् पुल्यांवर प्लॅस्टिकची थैली बांधा.

हे सगळं करायची वेळ म्हणजे मृगाच्या आधीचा मे महिना, जेव्हा गाडी अन् माणूस दोन्ही मोकळे असतात, नाही त दिवाळीनंतर सोयाबीन घरात आल्यावर. आवाज यायची वाट पाहायची नाही, आवाज आला म्हणजे उशीर झालेला असण्याची शक्यता जास्त. पुलीच्या आतल्या बाजूला पेंटच्या मार्करनं महिना-वर्ष टाकून ठेवा, तुम्हाला नाही तर पुढच्या मिस्त्रीला कामी येईल. थ्रेशर भाड्यानं फिरवत असाल तर तुमच्या आयडलरच्या नंबरचं एक नवीन सीलबंद बेरिंग पाकिटासकट औजाराच्या डब्यात असू द्या, पाकीट फोडू नका, उघडं बेरिंग पावसाळ्याच्या दमट हवेत डब्यातच गंजते.